निरोपाचा विडा

संगणकाच्या काळ्या पडद्यासमोरून आपण उठताना युनिक्स फक्त ‘लॉगआउट’ म्हणतो. ‘येतो’ म्हणण्याची पद्धत त्याच्याकडे नाही. बिल जॉय यांनी बर्कलीत सी-शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, लिहिला तेव्हाच निरोपाची सोय केली: घरच्या फोल्डरात ‘डॉट लॉगआउट’ नावाची फाइल ठेवायची, जाताना तिच्यातल्या आज्ञा पाळल्या जातात. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश हा शेल आला आणि फाइल झाली ‘डॉट बॅश लॉगआउट’.

हौशी माणसाला एवढं पुरे. तो तिच्यात मजकूर दाखवणाऱ्या ‘एको’ची एक ओळ टाकतो, मग तारीख, मग सुविचार सांगणारा ‘फॉर्च्यून’, आणि ते सुविचार बोलणारी ‘काउसे’ची गाय. अर्धी संध्याकाळ खर्चून गाय निरोपाला सज्ज होते.

गाय मात्र दिसत नाही. डेस्कटॉपवरच्या खिडकीतला शेल बहुतेक वेळा ‘लॉगिन शेल’, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारा शेल, नसतोच, त्यामुळे ती फाइल कुणी उघडत नाही. मग ‘ट्रॅप’ ही आज्ञा लावून बाहेर पडण्याचा क्षण पकडायचा. तो पकडला, तर गाय तोंड उघडते न उघडते तोच खिडकी बंद! उपाय म्हणून थांबायला लावणारी ‘स्लीप ३’. म्हणजे आपणच लिहिलेला निरोप वाचायला रोज तीन सेकंद ताटकळायचं.

डेबियन ही लिनक्स प्रणाली बनवणारे या हौशी माणसाहून व्यवहारी. त्यांच्या तयार ‘डॉट बॅश लॉगआउट’ फाइलीत निरोप नाहीच. मागून येणाऱ्याला आपलं काम दिसू नये म्हणून जाताना कन्सोल पुसायची आज्ञा तेवढी आहे. गाय त्या आज्ञेच्या आधी बांधली, तर तीही पुसली जाते.