'आला नाही' हे काढून दाखवा

सेक्रेटरी : वॉचमननं टँकर परत पाठवला, त्यात फळ्याचा काय दोष?

टेस्टर : काका, फळ्यावर काय काढलं होतंत?

सेक्रेटरी : टँकर.

टेस्टर : आणि टँकरवर?

सेक्रेटरी : लाल फुली. म्हणजे, आज टँकर आला नाही. शेंबडं पोरही सांगेल.

टेस्टर : 'नो पार्किंग'च्या पाटीवर गाडी काढून लाल रेघ मारलेली असते. त्याचा अर्थ 'आज गाडी आली नाही' असा होतो का? त्या बिचाऱ्या वॉचमननं मोबाइलवर फळा उघडला. टँकर, त्यावर फुली, खाली तुमची सही. त्यानं 10 हजार लिटर पाणी गेटवरनं मागं वळवलं. ते शेजारच्या सोसायटीनं उतरवून घेतलं, वर ड्रायव्हरला चहा पाजला.

सेक्रेटरी : सही नव्हती. मी कोपऱ्यात फक्त माझा चष्मा काढतो.

टेस्टर : तेच म्हणते मी.

सेक्रेटरी : अगं, पण ग्रुपवर काय चाललं होतं ते विसरलीस? एकानं मराठीत लिहिलं की दुसरा म्हणणार 'हिंदी में लिखो'. हिंदीत लिहिलं की तिसरा म्हणणार इंग्लिश. त्यात तेलुगू, ओडिया, बंगाली मंडळी. पाण्याचा विषय सकाळी निघायचा, दुपारी भाषेवर यायचा आणि रात्री दोघंजण ग्रुप सोडून जायचे. म्हणून मी टायपिंगच बंद केलं. लिंक उघडायची, सगळ्यांनी एकाच फळ्यावर बोटानं चित्र काढायचं. ना कुणाची भाषा, ना कुणाचा अपमान.

टेस्टर : मागच्या गुरुवारी बी विंगमधल्या कुणीतरी जिन्यात घाण करणारं कुत्रं काढलं. दुसऱ्यानं त्या कुत्र्याला टक्कल आणि मिशा काढल्या. तो अपमान नव्हता?

सेक्रेटरी : नाव कुणाचंच नव्हतं.

टेस्टर : टक्कल आणि मिशा दोन्ही एकाच चेहऱ्यावर, असा आपल्या सोसायटीत एकच माणूस आहे.

सेक्रेटरी : चेअरमनसाहेबांनी ते मोठ्या मनानं घेतलं.

टेस्टर : त्यांनी अख्खा फळा पुसला, काका. माझी लिफ्टची तक्रारही गेली त्यात. चार दिवस खपून लिफ्ट काढली होती.

सेक्रेटरी : ती लिफ्ट होती? आम्ही कपाट समजून भंगारवाल्याला फोन केला.

टेस्टर : झालं!

सेक्रेटरी : तू दिवसभर कॉम्प्युटरमध्ये असतेस म्हणून तुला चित्राची किंमत नाही. चित्र ही माणसाची पहिली भाषा. आमची बदली डहाणूला होती तेव्हा बघितलंय मी. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी मिळून काढतात. भिंतीला गेरू, तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूच्या काडीचा कुंचला. एकत्रच काढतात की नाही? ऑनलाइन नव्हतं, एवढंच.

टेस्टर : आणि मधोमध पालघट देवी. चौकात काय यायला हवं ते प्रत्येकीला आधीपासून ठाऊक असतं, म्हणून तो जमतो. कुठलीही सवाशीण पालघटीला मिशा काढत नाही. शिवाय चौक मांडला की लग्न लावणारी धवलेरी बसून गाणी म्हणते. म्हणजे त्यांनीसुद्धा चित्राला मुकं सोडलेलं नाही.

सेक्रेटरी : पण पुढं पुरुषही काढायला लागले. जिव्या सोमा म्हसे! 1970 नंतर तीच चित्रं कागदावर आली, 2011 साली पद्मश्री मिळाली.

टेस्टर : मिळणारच. त्यांना गोष्ट सांगायची होती. पाण्याची पाळी नव्हती सांगायची.

सेक्रेटरी : बरं, इमोजी घे. जपानच्या त्या कुरितानं 1999 साली मोबाइल कंपनीसाठी 176 चित्रं केली. आज जग त्याच्यावर चाललंय.

टेस्टर : जग मजकुरावर चाललंय, इमोजी शेवटी येतो. लोणचं पानात डाव्या बाजूला वाढतात, काका. तुम्ही आमटी-भात बंद करून पंगतीला नुसतं लोणचं वाढताय.

सेक्रेटरी : तुमच्या कंपन्यांत चालतं ते?

टेस्टर : तिथलंच तर सांगते. हिंजवडी फेज वनला आमची मीटिंग होते. सगळी टीम एका पांढऱ्या फळ्यावर, प्रत्येकाचा बाण त्याच्या नावाची चिठ्ठी लावून फिरत असतो. पिवळ्या चिकट्या, हिरव्या चिकट्या. चौकोनातून निघालेला बाण दुसऱ्या चौकोनात शिरतो, तिथून ढगात जातो. दोघांनी एकदम एकच चिकटी ओढली की जो शेवटी सोडेल त्याचं खरं. दोन तासांनी मॅनेजर विचारतो, मग ठरलं काय? तेव्हा एकजण खाली बसून, शब्दांत, ओळीनं, ठरलेलं लिहून काढते.

सेक्रेटरी : कोण?

टेस्टर : मी.

सेक्रेटरी : तुझ्या काकूचा ठिपक्यांचा दिवस आठव मग. तिनं फळ्यावर ठिपके मांडले आणि वर्षभर एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं रात्री बारापर्यंत रांगोळी जोडत होती. सहाव्या मजल्यावरच्या त्या बंगाली बाईनं तर कडेनं अल्पना काढली.

टेस्टर : ते छान झालं होतं. अगदी मनापासून सांगते. पण का झालं? त्या रात्री कुणाला कुणाशी काही बोलायचं नव्हतं, म्हणून.

सेक्रेटरी : म्हणजे खेळायला चालतं.

टेस्टर : खेळालाही सीमा असते. 2017 च्या एप्रिलमध्ये रेडिटनं हाच खेळ साऱ्या जगासाठी मांडला होता. हजार बाय हजार ठिपक्यांचा एक फळा. एका माणसानं एक ठिपका रंगवायचा, मग काही मिनिटं गप्प बसायचं. 72 तास चाललं, 10 लाखांवर लोक. आणि काढलं काय? झेंडे. जर्मनीचा झेंडा सरकत सरकत फ्रान्सच्या झेंड्यावर चढला.

सेक्रेटरी : मग?

टेस्टर : मग मधल्या जागेत युरोपियन युनियनचा झेंडा काढला, त्यात कबुतर.

सेक्रेटरी : बघ! समेट झाला!

टेस्टर : आणि 2022 ला पुन्हा मांडला तेव्हा शेवटी पांढराच ठिपका टाकता येईल अशी सोय केली. साऱ्या जगानं मिळून फळा पांढरा केला. आपले चेअरमन एकट्यानं करतात.

सेक्रेटरी : चेष्टा पुरे. अडचण काय ते सांग.

टेस्टर : अडचण एवढीच, की चित्राला 'नाही' म्हणता येत नाही. 'आज टँकर आला नाही' हे काढून दाखवा. फुली न मारता.

सेक्रेटरी : सोपं आहे. रिकामा रस्ता काढतो.

टेस्टर : रिकामा रस्ता? हिंजवडीत? लोक विचारतील हे गाव कुठलं.

सेक्रेटरी : रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब काढतो, म्हणजे ओळख पटेल.

टेस्टर : शिवाजीनगरपर्यंत 23 किलोमीटरचे? बरं, 'उद्या येईल' कसं काढाल?

सेक्रेटरी : उगवता सूर्य.

टेस्टर : उगवतोय की मावळतोय ते कसं कळणार?

सेक्रेटरी : शेजारी कोंबडा काढीन.

टेस्टर : कोंबडा काढा आणि बघा. श्रावणात कोंबडा काढला म्हणून अर्ध्या सोसायटीचा वाद, उरलेली अर्धी विचारणार किती किलो मागवायचा. आता पुढचं. 'उद्या आला तर येईल, तोही अर्धा, आणि मेंटेनन्स थकलेल्यांना शेवटी.' काढा.

सेक्रेटरी : असं वाक्य मुळात बोलावंच का म्हणतो मी!

टेस्टर : कारण आपलं सगळं जगणं त्याच वाक्यात आहे! पलीकडं पुण्यात एका फळकुटावर चार शब्दांत समोरच्याचा उद्धार करतात. त्यात 'नाही' असतं, 'जर' असतं, 'अन्यथा' असतं. वर 'कृपया'.

सेक्रेटरी : हे पुणे नाही. मुळशी तालुका आहे.

टेस्टर : म्हणून मुळशीत 'अन्यथा' नको?

सेक्रेटरी : तुम्हाला लिहिता येतं ना, मॅडम, म्हणून सुचतं हे सगळं. तेही इंग्लिशमध्ये. मागच्या महिन्यात लिफ्ट बंदची नोटीस तुम्हीच लिहिलीत. किती सुंदर इंग्लिश! पोळ्या करणाऱ्या मावशी अर्धा तास बटण दाबत उभ्या होत्या, मग गुडघे धरून दहावा मजला चढल्या. मी लिफ्ट काढून फुली मारली असती तर त्या थांबल्या नसत्या.

टेस्टर : ...तिथं फुली चालली असती.

सेक्रेटरी : चालली असती ना? वॉचमन ओडिशाचा, माळी सोलापूरचा, त्यांच्यासाठी काय लिहिता तुम्ही लोक?

टेस्टर : मग दोन भाषांत लिहा, तीन भाषांत लिहा! भाषेवरून भांडण नको म्हणून तुम्ही भाषाच काढून टाकलीत. आणि भांडण काही गेलं नाही, त्याला मिशा फुटल्या.

सेक्रेटरी : तीन भाषांत कोण लिहिणार? मी? बिनपगारी? सभेला बोलावलं तर तुमच्यातलं एक माणूस येत नाही. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग खुर्च्यांशी बोलायचं. कमिटीवर या म्हटलं की सगळ्यांचा कॉल असतो.

टेस्टर : असतोच. आणि संध्याकाळी शिवाजी चौकात दीड तास अडकतो तेव्हा कुठली सभा?

सेक्रेटरी : ते काढून दाखवा.

टेस्टर : काका, आता चिडून उपयोग नाही. सभा लावा. हा फळा ठेवायचा की नाही, होऊन जाऊ दे मतदान.

सेक्रेटरी : लावतो. वार्षिक सभाच लावतो. पण 14 पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते. लेखी.

टेस्टर : लेखी?

सेक्रेटरी : पोटनियमात आहे. उपनिबंधकांपुढे चित्र टिकत नाही.

टेस्टर : मग लिहा की.

सेक्रेटरी : तुम्हीच लिहा ना. ऑफिसात शेवटी तुम्हीच लिहिता म्हणालात.

टेस्टर : मराठीत?

सेक्रेटरी : मराठीत. हिंदीत. आणि त्या सुंदर इंग्लिशमध्येही.

टेस्टर : लिहिते. रात्री. आत्ता मला साडेअकराचा कॉल आहे.

सेक्रेटरी : तरी म्हटलं, अजून कॉल कसा नाही आला!