सेवाभावी छायाचित्रकाराची नियमावली (वडापावविषयक पोटनियमासह)

ज्यांच्याकडे बरा कॅमेरा आहे आणि 'नाही' म्हणायची ताकद नाही, अशा सर्वांच्या उपयोगासाठी प्रस्तुत नियमावली तयार करण्यात आली आहे. अशी माणसं संस्थांना बरोबर सापडतात. कुणाच्या तरी मुंजीत ओळख होते, चार दिवसांनी 'तुमच्यासारख्यांची समाजाला गरज आहे' असा फोन येतो, आणि रविवारी पहाटे आपण ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर बसून टेम्पोतून निघालेलो असतो. नियमावलीत 'सचिव' हे पद वारंवार येईल. ते कोणत्याही एका व्यक्तीला उद्देशून नाही, असं म्हणायची पद्धत आहे.

नियम पहिला : फोटोचा मालक कोण, हे टेम्पोत चढण्यापूर्वी ठरवावे.

१९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे. फोटो काढणारा तो कर्ता, आणि कलम १७ नुसार सर्वसाधारणपणे तोच पहिला मालक. नोकरीचा भाग म्हणून फोटो काढले तर हक्क मालकाचा. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढले, तर वेगळा करार नसल्यास सांगणाऱ्याचा. आपण पडलो बिनपगारी आणि बिनमोबदल्याचे. सबब हक्क आपला, आणि तोही हयातभर, वर मरणोत्तर साठ वर्षं. हे सचिवांना सांगून पाहावे. ते म्हणतात, "अहो, आपल्यात कसले हक्क? सगळे पेनड्राइव्हवर टाकून द्या." इथे मान डोलवायला हरकत नाही, कारण डोललेली मान कायद्याला दिसत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहायची राहिली तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहायचा राहिला तर भारत. त्यामुळे देऊन टाकण्याऐवजी वापरायची परवानगी द्यावी, आणि कशासाठी, किती दिवस, कुठे हे तीन प्रश्न एका साध्या पत्रात उरकावेत. अहवाल, पत्रक, देणगीदारांना पाठवायचं वार्तापत्र : चालेल. अध्यक्षांच्या पुतण्याच्या निवडणुकीचा प्रचार : चालणार नाही. हे शेवटचं वाक्य हटकून लिहावे.

नियम दुसरा : फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये. पाठवल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नाहीतर तो आक्रसतो, आणि फाइलच्या पोटात लिहिलेलं आपलं नाव वाटेत गळून पडतं.

नियम तिसरा : फ्लेक्सवाल्याशी वाद घालू नये.

उभा फोटो आडव्या चौकटीत बसवायची त्याच्याकडे एकच रीत असते, ती म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढणे. परवा शिबिराच्या फ्लेक्सवर आमच्या सडपातळ डॉक्टरीणबाई तालमीतून आल्यासारख्या दिसत होत्या, आणि रुग्णाच्या जागी आमदारांचा कापून चिकटवलेला फोटो होता. कलम ५७ म्हणतं की हक्क विकून टाकलात तरी फोटोवर आपलं नाव सांगण्याचा आणि लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड अडवण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. अडचण एवढीच, की तो बजावायचा तर 'हा फोटो मी काढला' असं चारचौघांत कबूल करावं लागतं.

नियम चौथा : सचिवांच्या विनंतीवरून वगळला आहे.

नियम पाचवा : रांगेत उभ्या असलेल्या माणसाची परवानगी ही परवानगी नव्हे.

आपला हक्क, संस्थेचा हक्क यावर आपण तासभर भांडतो, आणि ज्याचा चेहरा आहे तो तिसरा माणूस तिकडे उन्हात उभा असतो. ब्लँकेटवाटपाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. एका ब्लँकेटला सहा पाहुण्यांचे हात, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे, आणि घेणारी म्हातारी ब्लँकेटच्या मागे. तिला आधी 'फोटो काढू का?' विचारलं तर ती हो म्हणणारच. नाही म्हटलं तर ब्लँकेट मिळेल की नाही, ही शंका तिच्या जागी मलाही आली असती. म्हणून वाटप आधी उरकू द्यावे, माणूस सावलीत टेकला की मग विचारावे. संस्थेचा छापील इंग्रजी फॉर्म काढून अंगठा घेऊ नये. मराठीत, तोंडी, नीट सांगावे : "हा फोटो पुण्यात फ्लेक्सवर लागेल, मोबाइलवर फिरेल, तुमच्या जावयालासुद्धा दिसेल. चालेल का?" 'प्रसिद्धीमाध्यमे' म्हटलं की माणसं नुसती मान हलवतात. जावई म्हटलं की खरं उत्तर येतं.

वेल्ह्याकडच्या एका वाडीवर मोतिबिंदूच्या शिबिरात एका आजींनी असं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या फलेकावर नगं. पर मला एक काढून दे. हार घालाया बरा फोटू न्हाई माझा." मग पदर सारखा केला, डोळ्यावरच्या पट्टीला हात लावला. "ही पट्टी येतीया व्हय त्यात?" येणार म्हटल्यावर हातानेच मला थांबवलं. "मग पट्टी निघाल्यावर ये." सचिव माझ्या मागेच उभे होते. डिझेलचा हिशेब करून कपाळाला आठी घालतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणीला यायचंच आहे, तेव्हा काढा." या गृहस्थांशी कायमचं भांडता येत नाही ते याच कारणाने. कुणाचा डावा डोळा झालाय आणि कुणाचा उजवा राहिलाय, हे ते कागद न बघता सांगतात. आजींची प्रिंट त्यांनी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊन दिली. फक्त मागच्या बाजूला संस्थेचा शिक्का मारला.

नाव विचारावे हे सांगायला नको, पण थोरामोठ्यांचंही राहून गेलं आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियात डोरोथिआ लँगने एका मजूर आईचा, खांद्यांवर डोकी टेकलेल्या पोरांसकट, फोटो काढला. पुढे तो जगभर छापून आला. लँग सरकारी कामावर होती, त्यामुळे फोटोचा हक्क तिला नव्हता. त्या बाईला तर नव्हताच. बाईचं नाव तिने विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. आपला फोटो जगभर जाणार नाही, तालुक्याबाहेर गेला तरी पुष्कळ. पण तालुक्यातच तर बाईला ओळखणारे असतात.

नियम सहावा : बालगृहात गेल्यास कॅमेरा पाठीकडून वापरावा.

इथे गंमत थोडा वेळ बाजूला ठेवतो. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४ : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, फोटो, प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अधीक्षकबाई 'काढा हो' म्हणाल्या, मुलं स्वतः हसत पुढे आली, देणगीदारांच्या सौभाग्यवतींना केक कापताना मुलांबरोबर फोटो हवा होता, यातलं एकही कारण पुरत नाही. चित्रं काढणारे हात काढा, दाराबाहेरच्या चपला काढा, पाठमोरी रांग काढा. "डोळ्यांत पाणी आलेला एखादा मिळाला तर बघा, देणगीला बरं पडतं," असं कुणी म्हटलं तर लेन्स पुसायला लागावे आणि ती बराच वेळ पुसत राहावे.

नियम सातवा : श्रेय. 'छायाचित्र : अमुक' एवढं मागावे. अहवालात ते येतं. येतं तेव्हा आडनाव चुकलेलं असतं.

नियम आठवा, पोटनियम वडापाव.

सचिव बँकेतून निवृत्त झालेले असल्यास विशेष सावधगिरी बाळगावी, कारण ते कायदा वाचतात. आमच्या सचिवांनी कलम १७ वाचलं आणि मला चहाच्या टपरीवर गाठलं. मोबदला घेऊन काढलेला फोटो सांगणाऱ्याचा होतो ना? मग दर शिबिराला संस्था तुम्हाला दोन वडापाव आणि एक कटिंग देते, तो काय आहे? मी म्हटलं, तो पाहुणचार. त्यांनी १८७२ चा करार कायदा काढला. मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्दबातल ठरत नाही, कलम २५ चं स्पष्टीकरण, स्वतः वाचा. मी विचारलं, पावती आहे का? त्यांनी पाकिटातून व्हाउचर काढलं. 'छायाचित्रण खर्च : वडापाव २'.

तेव्हा जे पत्र लिहाल त्यात 'चहा, नाश्ता व प्रवासखर्च हा मोबदला समजला जाणार नाही' हे वाक्य विसरू नये. आमच्या पत्रात ते आहे. सचिवांनी काहीही कुरकुर न करता सही केली, शिक्का मारला, आणि सहीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : 'छायाचित्रकाराने येताना स्वतःचा डबा आणावा.'