शेजघरातला स्वस्त पाहुणा

लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणलेल्या बिननावाच्या डीव्हीडी प्लेअरचा एक गुण मान्य करायलाच हवा: तो भेदभाव करत नाही. भारताचा रीजन कोड 5, पण हा अमेरिकेची 1 नंबरची डिस्कही बिनतक्रार गिळतो. नामांकित कंपन्यांची यंत्रं एवढी उदार कुठली? गिळलेलं परत देईलच, असं मात्र नाही. ट्रे अर्धा इंच बाहेर येतो, विचार करतो, आत जातो. मग वरून एक चापट.

दिवाणखान्यात हे खपून जातं. शेजघरात रात्री साडेअकराला डिस्कची घरघर ऐकू येते, तीही नेमकी नायिका कुजबुजत असताना. आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात बंदुका चालतात आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई खाकरतात. दुहेरी थराच्या डिस्कमध्ये थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं; या यंत्राच्या क्षणात पाणी पिऊन येता येतं. बंद केल्यावरही निळा दिवा जळतच राहतो, त्यावर मोजा टाकावा लागतो. रिमोट पलंगावरून चालत नाही. उठून यंत्रापाशी जावं, तर पुढे बटणं दोनच, आणि चिनी सबटायटल घालवायचं त्यांत नाही.