मोरपंखी भिंतीचे मानपान

येत्या फॅशनचे भाकीत सांगणाऱ्या लंडनच्या डब्ल्यूजीएसएन कंपनीने २०२६ सालचा रंग जाहीर केला आहे: 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह टील', म्हणजे आपला गडद मोरपंखी. वर्षफल सांगण्याचा मान आजवर पंचांगकर्त्यांकडे होता. आता तो रंगवाल्यांनी पटकावला. पंचांगवाले निदान सव्वा रुपयात शांत सुचवायचे. हे लिटरच्या भावाने सुचवतात.

पुण्यात नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक तरी भिंत हल्ली टीलची असतेच. रंग वाळला, की ती भिंत घरात वरमाईसारखी वागू लागते. तिला सनमायका चालत नाही, पितळ लागते. मग मोडीत घालायला काढलेले घंगाळ माळ्यावरून उतरते, चिंच लावून घासले जाते आणि त्यात मनी प्लांट बसतो. सोफ्यावर मोहरी रंगाच्या दोन उशा येतात. त्यांना टेकायचे नसते. आजोबांच्या फोटोचा चंदनी हार 'थीम'मध्ये बसत नाही, म्हणून आजोबा पॅसेजमध्ये. कालनिर्णय थेट स्वयंपाकघराच्या दारामागे, दुधाच्या खाड्यांसकट. भिंतीत खिळा ठोकायची तर सोयच नाही.

एवढे मानपान करून ही भिंत देते काय? अंधार. पांढरीशुभ्र भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांहून अधिक उजेड खोलीला परत करते. गडद टील जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा सगळा गिळते. मोठ्या खिडक्यांच्या प्रशस्त दिवाणखान्यात तो रंग देखणाच दिसतो, खोटे कशाला बोला. पण आपला हॉल दहा बाय पंधराचा. खिडकीला जाळी, जाळीबाहेर ग्रिल, ग्रिलवर वाळत घातलेली चादर. त्यातून चुकूनमाकून आत आलेला उजेड हिने खायचा आणि भरदुपारी आपण ट्यूब लावून बसायचे. मग डिझायनर सांगतो, "आता फॉल्स सीलिंग करून स्पॉटलाइट टाकू."

जुन्या वाड्यातली माणसे या बाबतीत फार मागासलेली. खोल्या अंधाऱ्या, म्हणून दिवाळीआधी चुन्यात चिमूटभर नीळ कालवून भिंती उजळायच्या. टेकले की पाठ पांढरी व्हायची, पण दिवसा सुई ओवता यायची. आता पूर्वेच्या फ्लॅटसाठी बिल्डरला जादा मोजायचे आणि आलेले ऊन विझवायला रंगाऱ्याला वेगळे.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्सच्या जाहिरातींसाठी गट्टू नावाचा पोरगा काढला. रंगाचा डबा घेऊन तो खट्याळपणे का हसायचा, ते आता कळते.

रंगाऱ्याचे मात्र बरे चालले आहे. गडद रंगाला हात जास्त लागतात. पुट्टी नीट घासली नसेल, तर स्पॉटलाइटखाली एकेक उंचवटा वर येतो. मॅट फिनिशवर खुर्ची घासली की पांढरा ओरखडा, डोके टेकले की तेलाचा डाग, आणि तेवढ्यापुरता हात मारावा तर ठिगळ दिसते. म्हणजे अख्खी भिंत पुन्हा. कंटाळून पांढऱ्यावर यायचे ठरवलेत, तर आधी प्राइमर, मग हातावर हात.

तरीही लावायचाच असेल, तर शेड कार्डावरचा बोटभर तुकडा पाहून डबा मागवू नका. निदान दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा रंगवून भिंतीला टेकवून उभा करा. दुपारी चार वाजता, ट्यूब न लावता, त्याच्याशेजारी हे सदर उघडून बसा. चष्मा न पुसता शेवटची ओळ वाचता आली, तर रंगाऱ्याला खुशाल फोन करा.