गावचे जुने फोटो ओळखावेत कसे? (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य : लोखंडी ट्रंक एक, ऐंशीच्या पुढची आत्या एक, मऊ शिसपेन्सिल आणि आत्या म्हणेल तितका चहा. ट्रंक नसली तरी भागेल, आत्या हवीच.

आधी जागा ठरवा. बाणेर-बालेवाडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली, सूस-म्हाळुंगे २०२१ मध्ये. गाव जागेवरच राहिलं, पत्ता तेवढा बदलला. त्यामुळे फोटोत मागे दिसणाऱ्या ज्वारीच्या रानाचं नाव आत्याला विचारा आणि तिथे आता कोणती सोसायटी आहे ते पुतण्याला. दोघांना एकत्र मात्र बसवू नका. रान कुणी विकलं आणि केवढ्याला, हा विषय निघतो आणि फोटो तसाच राहतो.

आता लग्नातला ग्रुप फोटो घ्या. मधल्या खुर्चीवरचे फेटेवाले सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. कडेला पाहा. पोर काखेत घेतलेली एक बाई तिथे अर्धी कापली गेलेली असते. आत्या म्हणेल, "ही बारक्याची आई." बारक्या कोण? "हिचाच की पोरगा!" इथे बरेच नवशिके खचतात. दुसरा चहा टाका. बाईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही लिहून घ्या. लग्नात नाव बदललेलं असेल, तर सासरच्या कागदांत पहिलं नाव सापडायचं नाही.

तारखेची आशा धरू नका. फोटो चौरस असेल तर तो आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातला असू शकतो. त्याच्या रोलमध्ये फोटो बारा, म्हणून सगळे इतके गंभीर! आत्या साल सांगत नाही, 'पानशेतच्या आधी' किंवा 'नंतर' एवढंच सांगते. तेवढं पुरे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पेठेतल्या मामांकडच्या प्रती त्यात गेल्या असतील, तर गावच्या ट्रंकेतली प्रत ही एकुलती एक. ती 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये. तो जावई असला तरी.

भिंतीवरच्या आजोबांच्या काचेला कुंकू लावलेलं असतं. स्कॅनिंगसाठी ते पुसलंत तर घरात महाभारत होईल. फोटो काचेला चिकटलाही असेल, ओढलात तर आजोबांचा चेहरा काचेवरच राहील. फ्रेम खिडकीशी न्या, उजेड बाजूने येऊ द्या आणि काचेसकट, कुंकवासकट मोबाइलवर टिपा. लॅमिनेशन नको, फेव्हिकॉल नको. मागे बॉलपेनने तर मुळीच लिहू नका, खुणा पुढे उमटतात. शिसपेन्सिलीने कडेला, हलक्या हाताने.

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ओळखा पाहू' टाकायचा मोह आवरा. अंगठे चाळीस येतात, नावं दोन, त्यातलं एक चुकीचं. टाकायचाच तर नावं लिहून झाल्यावर, आणि डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे चेहरे पुसट होत नाहीत.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. या रविवारीच आत्याकडे जा. संध्याकाळी सातच्या आत उरका, नंतर तिच्या मालिका असतात.