जाणकार चिखलात

दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात ठरल्या जागी सतरंजी टाकणाऱ्या माणसाच्या अंगात हळूहळू एक रुबाब मुरतो. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता, हे तो जरा नाइलाजानेच मान्य करतो. मी त्यातलाच. रमणबाग ते मुकुंदनगर हा माझा सांगीतिक प्रवास. म्हणजे मंडप हलला तसा मी हललो. समेवर मान आपोआप पडते, आणि राग कुठला हे शेजाऱ्याला न विचारताच सांगितलं जातं.

त्यामुळे भाची म्हणाली, "मामा, झिरोला चल, तुला गाणं आवडतं ना," तेव्हा मला वाटलं, त्या मुलांना एखादा जाणकार श्रोता कमी पडत असणार.

झिरो हे अरुणाचल प्रदेशातलं आपातानी लोकांचं खोरं. बॉबी हानो आणि 'मेनव्होपॉज' या दिल्लीच्या बँडचा गिटारवादक अनुप कुट्टी यांनी २०१२ साली तिथे उघड्यावरचा संगीत महोत्सव सुरू केला. सप्टेंबर संपता संपता तो भरतो. देशभरातले स्वतंत्र बँड येतात, ईशान्येचे लोकगायक येतात, एखादा परदेशी पाहुणाही असतो. मंच बांबूचे, तिथल्याच कारागिरांनी बांधलेले. दिवसाचा मंच दान्यी, म्हणजे सूर्य. रात्रीचा पिइलो, म्हणजे चंद्र. एवढं सगळं मी पुण्यातच पाठ केलं होतं. सप्टेंबर संपला तरी तिथला पाऊस संपत नाही, एवढं तेवढं वाचायचं राहिलं.

गुवाहाटीपर्यंत विमान, मग रात्रीची दोन्यी पोलो एक्स्प्रेस, पहाटे नाहरलगुन, इनर लाइन परमिट दाखवणे, आणि पुढे सुमो. सुमोबद्दल माझा मणकाच काय ते सांगेल. सामानात सतरंजी, शाल, कानटोपी, थर्मास. पायात कोल्हापुरी. हापोलीच्या बाजारात भाचीने ती चप्पल बघितली आणि मला सरळ गमबुटांच्या दुकानात नेलं. माझा नंबर आठ. दुकानात उरलेले जोड दोनच, सात आणि दहा. दोन-दोन मोजे घालू म्हणत मी दहा नंबरचा उचलला.

दुपारी मंचासमोरच्या उतारावर मोक्याची जागा बघून सतरंजी अंथरली. आजूबाजूला कोणीच बसलेलं नव्हतं, म्हणजे पुण्याची शिस्त इथे पोचायची होती. मंचावर लांब केसांचा एक मुलगा गिटारची एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होता. मागे ढोलवाला थांबून थांबून एकेक ठोका देत होता. माझ्या लगेच लक्षात आलं, आलापी चालली आहे. डोळे मिटले. एका स्वरावर इतका वेळ थांबायचं म्हणजे धाडस लागतं. आपल्याकडेही आता फारसं कोणी करत नाही. मुलाने हात उंचावला, मी "वा!" म्हणालो. तो गिटार खाली ठेवून निघून गेला. अत्यंत संयत शेवट. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्या उतारावर माझ्याच.

"मामा," भाची कानाशी येऊन म्हणाली, "साउंडचेक होता."

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला. रविशंकरांनी सतार नुसती जुळवली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर पंडितजी मोठ्या सौजन्याने म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं असेल, तर वादन आणखी आवडेल. हा किस्सा मी सवाईच्या मध्यंतरात दरवर्षी हातात बटाटेवडा घेऊन साभिनय सांगतो. भाची तो फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकते आहे. तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"अमेरिकन!" एवढंच म्हणाली.

तिथे पाच वाजून गेले की अंधारच पडतो. पुण्यात ही दुपारच्या चहाची वेळ. खरा कार्यक्रम सुरू झाला तशी सगळी तरुण मंडळी उभी राहिली, आणि सतरंजीवरून मला पोटऱ्यांखेरीज काही दिसेना. नाइलाजाने मीही उभा राहिलो. मानेला सम सापडेना, मग ती दुसऱ्यांच्या मानांकडे बघून हलवायला लागलो. गाणं मात्र छान होतं, हे मी कोणाच्या दडपणाखाली न येता सांगतो. मंचावरून उतरलेला एक गायक थोड्या वेळाने टॉयलेटच्या रांगेत माझ्या मागेच उभा होता. तुमचा षड्ज फार सुरेख लागला, असं मी त्याला हिंदीतून म्हणालो. रांग पुढे सरकते आहे का, असं त्याने विचारलं.

मग आपाँग. तांदळाची बिअर, बांबूच्या पेल्यातून. आंबटगोड, गार, दिसायला अगदी निरुपद्रवी. तिचा परिणाम आधी जिभेवर होतो. तंबूकडे परतताना शेताच्या बांधावरून चालत मी भाचीला आपातानी शेतीवर व्याख्यान द्यायला लागलो. बैल नाही, नांगर नाही, सगळं हाताने. बांधावर नाचणी. हा सगळा परिसर २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहे. "आणि गंमत म्हणजे," मी बोट दाखवत म्हणालो, "याच भातात मासेसुद्धा..." इथे बांध संपला.

मी गुडघाभर गाळात होतो. उजवा पाय उपसला तर पाय वर आला, दहा नंबरचा बूट खालीच राहिला. डावा उपसताना हात टेकले, तेही गेले. भाची फोनचा उजेड धरून उभी होती. ती शूटिंगही करते आहे, हे मला नंतर कळलं. एक आपातानी गृहस्थ टॉर्च घेऊन आले. आधी त्यांनी आडव्या झालेल्या लोंब्या एकेक करून उभ्या केल्या. मग ढासळलेला बांध हाताने थापटून नीट केला. त्यानंतर माझा नंबर लागला. मला वर ओढून त्यांनी बूट शोधला, आणि तो उपडा करताना आत एखादा मासा आहे का, हे टॉर्च मारून निरखून पाहिलं. नव्हता. त्यांची निराशा स्पष्ट दिसत होती.

तंबू उतारावर लागलेला होता, त्यामुळे झोपेत मी रोज पायथ्याशी गोळा होत असे. पाऊस रात्री यायचा, सकाळी ऊन पडायचं, आणि सतरंजी वाळायच्या बेतात आली की पुन्हा पाऊस. परतताना गुवाहाटी विमानतळावर सामानाची मर्यादा १५ किलो, आणि त्यातले निम्मे तरी त्या ओल्या सतरंजीनेच खाल्ले. काहीतरी बाहेर काढणं भाग होतं. वडिलांच्या वेळची सतरंजी टाकवेना, आणि गमबुटांचे नुकतेच रोख पैसे मोजलेले. शेवटी बूट पायातच घातले. आख्ख्या विमानात माझ्या शेजारच्या बाईंनी एकदाही माझ्या पायांकडे पाहिलं नाही. इतका निश्चय मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

पुण्यात उतरलो तर लख्ख ऊन. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, खांद्यावर शाल, बगलेत थर्मास अशा थाटात रिक्षासमोर जाऊन उभा राहिलो. रिक्षावाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काका, कुठं भरलंय पाणी? सिंहगड रोडला का?"

"अहो नाही, कर्वेनगर."

"तिकडं पण?" म्हणत त्याने रिक्षा चालू केली आणि मला तिथेच ठेवून निघून गेला.