गॅस न पेटवता दिवाळी : इच्छुकांसाठी सूचना

वसुबारसेच्या रात्री साडेदहा वाजता ज्यांच्या लक्षात येते की घरात गोड म्हणून फक्त खोकल्याचे औषध आहे, अशा सर्व स्त्री-पुरुषांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांचे अनारसे पाण्यात तीन दिवस तांदूळ भिजवण्यापासून रीतसर चालू आहेत, त्यांनी पुढचे वाचू नये. उगाच रक्तदाब वाढेल.

आधी व्याख्या. ‘गॅस न पेटवता’ याचा अर्थ आपण गॅस पेटवायचा नाही. दुसऱ्या कुणी आधीच पेटवला असेल तर तो धरायचा नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यासाठी कारखान्यात दूध आटवलेले असते, बिस्किटांसाठी भट्टी धगधगलेली असते आणि डाळ्यांसाठी कुणीतरी कढईतल्या तापल्या वाळूपुढे घाम गाळलेला असतो. आजी तेच दूध दुपारभर ढवळत बसायची. आपण डबा फोडतो. तिचा खांदा दुखायचा, आपला अंगठा कापतो. मायक्रोवेव्ह चालेल का, असे बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. चालेल. ज्योत दिसत नाही तिथे गॅस पेटला असे म्हणता येत नाही.

आता डाळ्याचे लाडू. दोन वाट्या पंढरपुरी डाळे मिक्सरमधून बारीक करून चाळून घ्यावे. त्यात वाटीभर पिठीसाखर, वेलदोड्याची पूड आणि अर्धी वाटी पातळ साजूक तूप घालावे. तूप पातळ कसे करायचे, हा प्रश्न गैरलागू आहे. तूप साधारण तिशीच्या पुढच्या तापमानात आपण होऊन विरघळते आणि मुंबईच्या ऑक्टोबरात पारा पस्तिशीला टेकतो. बरणी खिडकीत ठेवून आपण आकाशकंदील लावायला जावे. पुण्याच्या थंड पहाटे मात्र बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी लागेल. ते पाणी गीझरचे असावे, म्हणजे व्रत मोडत नाही.

तूप एकदम ओतू नये. मूठ दाबली की पीठ धरून राहिले पाहिजे, एवढीच परीक्षा. लाडू फुटत असतील तर चमचाभर तूप वाढवावे, बसत असतील तर तासभर फ्रीजमध्ये ठेवावेत. तरीही वळले गेले नाहीत, तर ते चूर्ण काचेच्या छोट्या वाट्यांत भरून वर बदामाचे काप पेरावेत आणि सोबत चमचा द्यावा. मोठ्या हॉटेलांत अशा पदार्थाचे वेगळे पैसे घेतात.

इथे एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. डाळ्यांचे पीठ चालते, कारण डाळे भाजलेले असते. त्याऐवजी डब्यातले कच्चे बेसन घेऊ नये, आणि कच्चा मैदा तर नाहीच. चव उग्र लागते आणि पोट बिघडायचे ते वेगळेच. बेसन लाडूला आडवाट नाही. मंद आचेवर भाजत, फोनवर बोलत उभे राहावेच लागते.

पाक ही आपल्या मार्गातली दुसरी धोंड. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने कित्येक नवशिक्या सुनांची लाज राखली, पण पाकाची एकतारी तार शेवटी बोटांनाच कळावी लागते. ज्यांच्या बोटांना फक्त मोबाईलची काच कळते, त्यांनी सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस दोन वाट्या आणि कंडेन्स्ड मिल्क पाऊण वाटी एवढेच कालवावे आणि लाडू वळावेत. डब्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणून वरून साखर घालू नये. ओला नारळ वापरायचा मोह टाळावा. न शिजवलेला ओला नारळ भाऊबीजेपर्यंत थांबत नाही.

खजुराचे काय? बिया काढा, सुक्या मेव्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवा, वळा. मिक्सर गरम होऊन बंद पडला तर तो पदार्थाचा दोष नाही.

मुख्य आकर्षण म्हणजे बिस्किटांचा रोल. मारी बिस्किटांच्या चुऱ्यात दोन-दोन चमचे कोको आणि पिठीसाखर घालून, चमच्याचमच्याने दूध शिंपडत घट्ट गोळा मळावा. दुधाचा हात सैल सुटला की भिंतीला लावायचा गिलावा तयार होतो. गोळा बटर पेपरवर लाटावा, त्यावर खोबरे, पिठीसाखर आणि मऊ लोणी यांचे पांढरे सारण पसरावे, गुंडाळी करावी आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवावी. शेजारी लसणाची चटणी उघडी नसल्याची खात्री करावी. लोणी वास फार पटकन धरते. मग धारदार सुरीने चकत्या कापाव्यात. टोकाच्या दोन वाकड्या चकत्या ही करणाऱ्याची मजुरी.

“हे काय फराळाचे झाले?” असे आत्याबाई विचारणारच. तेव्हा त्यांना शांतपणे सांगावे की मारी बिस्कीट लंडनमध्ये १८७४ साली रशियाच्या झारच्या मुलीच्या लग्नानिमित्त निघाले. तिचे नाव मारिया आणि नवरा राणी व्हिक्टोरियाचा मुलगा. म्हणजे ताटात शाही पक्वान्न आहे. यावर त्या “बरं बरं” म्हणून दुसरी चकती उचलतात.

शेजाऱ्यांकडे ताट पाठवताना क्रोशाचा रुमाल झाकायला विसरू नये. रुमालाखाली काय आहे याबद्दल समाजाचे मत रुमालावरूनच बनते. परदेशातल्या मराठी मंडळींना तर ही पद्धत सोयीचीच आहे. तिकडच्या फ्लॅटमध्ये तळण काढले की धुराचा भोंगा वाजतो, आणि लक्ष्मीपूजनाला अग्निशमन दलाचे स्वागत करायची कुणाची तयारी नसते.

शेवटची सूचना तिखटाबद्दल. चकलीला बिनगॅसची पद्धत नाही. ती पाडव्याच्या आत ओळखीच्या काकूंकडे सांगून ठेवावी, आणि सांगितलेल्या दिवशी पैसे घेऊन वेळेवर जावे.